नवी गाडी, बसलेलं इंजिन आणि जॉब कार्ड

डॅशबोर्डवर तेलाच्या कॅनचं लाल चित्र पेटलं, की चालकाच्या हाती फार तर मिनिटभराचा वेळ असतो. इंजिनातला क्रँकशाफ्ट धातूवर धातू घासत फिरत नाही. पंपाने दाबाखाली पाठवलेल्या तेलाच्या अतिशय पातळ थरावर तो तरंगत फिरतो. दाब गेला की तो थर फाटतो, बेअरिंगचे मऊ धातूचे शेल तापतात, खरवडले जातात, आणि खालून ठक-ठक असा जड आवाज येऊ लागतो. तरीही गाडी दामटली, तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकलाच भोक पाडू शकतो. गॅरेजवाले म्हणतात, ‘इंजिन बसलं.’

पंधरा वर्षं वापरलेल्या गाडीचं असं झालं तर मालक हळहळतो आणि खर्चाची जुळवाजुळव करतो. पण गाडी घेऊन चार महिने झालेत, बँकेचे हप्ते नुकते सुरू झालेत, सीटवरचं प्लॅस्टिकही अजून निघालेलं नाही आणि गाडी टोचन करून न्यावी लागते, तेव्हा माणूस हबकतो. अशा वेळी बहुतेक जण शोरूमच्या माणसावर विश्वास टाकतात, किल्ली देतात आणि घरी जातात. पुढचं सगळं प्रकरण जिथे हरायला सुरुवात होते, ती हीच जागा. नव्या गाडीतल्या मोठ्या बिघाडाचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत कागदावर काय लिहिलं गेलं यावर लागतो. इंजिन उघडेपर्यंत अर्धी लढाई होऊन गेलेली असते.

मुळात कोरी गाडी बंद पडतेच कशी? यंत्रांच्या विश्वासार्हतेचा अभ्यास करणारे अभियंते एक आलेख काढतात. त्याचा आकार बाथटबसारखा असतो. सुरुवातीला बिघाडांचं प्रमाण जास्त, मग बरीच वर्षं ते तळाला, आणि यंत्र झिजू लागलं की पुन्हा वर. सुरुवातीचे बिघाड झिजेमुळे येत नाहीत. ते कारखान्यातूनच गाडीबरोबर येतात: एखादा बोल्ट कमी आवळलेला, ओतकामातली सूक्ष्म फट, पुरवठादाराकडून आलेली सदोष बेअरिंगची खेप, यंत्रकामानंतर नीट न धुतलेला भाग. यातला शेवटचा दोष क्षुल्लक वाटतो, पण त्याने जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना घाम फोडला आहे. ह्युंदाईने अमेरिकेत २०१५ मध्ये सोनाटाच्या लाखो गाड्या परत बोलावल्या. क्रँकशाफ्टमधल्या तेलाच्या वाटांमध्ये यंत्रकामाचा धातूचा कीस राहून गेला होता, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचं तेल अडवत होता. २०२४ मध्ये टोयोटाला त्याच प्रकारच्या किसापायी तंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे एक लाख गाड्या परत मागवाव्या लागल्या, आणि नंतर त्यांची इंजिनं बदलून द्यायचं ठरवावं लागलं. टोयोटाच्या कारखान्यात हे घडू शकतं, तर कुठेही घडू शकतं. म्हणून ‘नव्या गाडीला असं होतच नाही, तुम्हीच काहीतरी केलं असणार’ हे काउंटरवरचं वाक्य ऐकून खाली मान घालायचं कारण नाही.

रस्त्यावर काय करायचं, ते आधी पाहू. लाल दिवा म्हणजे थांबा. मग तो तेलाचा असो, तापमानाचा असो की ब्रेकचा. गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार मनातून काढा. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश वर्कशॉप गाठता येतं. तोच दिवा उघडझाप करत असेल, तर एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची राख करतं आहे. तेव्हाही थांबायचं. दिवा पेटल्यावरही गाडी चालवत राहिलात, तर कंपनीला एक आयतं उत्तर मिळतं: मूळ दोष छोटा होता, इंजिन मालकाने मारलं.

गाडी थांबताच, इंजिन बंद करता करता डॅशबोर्डचा एक झटकन फोटो घ्या. त्यात पेटलेले दिवे आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही दिसले पाहिजेत. लाल दिवा नसेल आणि आवाज येत असेल, तर वीस सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. मग पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. मुंबईच्या जुलैत तर हे फारच महत्त्वाचं. पाण्यात गाडी बंद पडली आणि एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल, तर स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतात, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हा दोष कारखान्याचा नाही आणि वॉरंटीत बसत नाही. साध्या विमा पॉलिसीतही त्यावरून वाद होतो, इंजिन संरक्षणाचं जादा कवच घेतलेलं असेल तरच सुटका. गाडी ओढून न्यायची तर कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सलाच फोन करा, म्हणजे तक्रारीची वेळ आणि जागा त्यांच्याच नोंदीत येते. ऑटोमॅटिक गिअरची गाडी दोरीने ओढू देऊ नका, सपाट ट्रकवर चढवून न्यायला सांगा. चाकं फिरत राहिली आणि गिअरबॉक्समधलं तेल फिरलं नाही, तर एका बिघाडाचे दोन होतात.

आता जॉब कार्डाकडे, म्हणजे गाडी वर्कशॉपमध्ये देताना तक्रार ज्यावर नोंदवतात त्या कागदाकडे येऊ. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद हाच, आणि लोक तो न वाचताच सही करतात.

होतं असं. समजा, एका बाईंची गाडी चढावर चौथ्या गिअरमध्ये एकदम ताकद सोडते, मागून काळा धूर येतो, पिवळा दिवा लागतो, बंद करून पुन्हा सुरू केली की तासभर ठीक चालते. हे सगळं बाई सर्व्हिस ॲडव्हायझरला नीट सांगतात. तो मान डोलावतो आणि संगणकावर टाइप करतो: ‘पिकअप लो, चेक’. सोबत आणखी एक ओळ येते, ‘जनरल चेकअप’. दोन दिवसांनी गाडी धुऊन-पुसून मिळते, आणि कार्डावर लिहिलेलं असतं, ‘चेक्ड, ओके’. पंधरा दिवसांनी तोच त्रास. या वेळी नोंद होते ‘स्मोक ऑब्झर्व्हेशन’. तिसऱ्या वेळी ‘सॉफ्टवेअर अपडेट’. सहा महिन्यांनी टर्बो जातो. बाई ग्राहक आयोगापुढे जाऊन म्हणतात, ‘पहिल्या दिवसापासून एकच दोष आहे.’ कंपनीचा वकील तीन कार्डं पुढे ठेवतो आणि म्हणतो, तीन वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी होत्या, प्रत्येक वेळी निवारण झालं, ग्राहकाची समाधानाची सहीही आहे. कागदावर त्याचं म्हणणं बरोबर असतं.

म्हणून तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. कितव्या गिअरमध्ये, किती वेगाला, इंजिन थंड असताना की तापल्यावर, कोणता दिवा, किती वेळा, हे सगळं. ‘सर, सिस्टीममध्ये एवढी जागा नसते,’ असं उत्तर आलं तर स्वतःच्या हाताने एका कागदावर लिहा, त्याची पोच शिक्क्यानिशी घ्या आणि तोच मजकूर त्याच दिवशी डीलरला व कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. दुसऱ्यांदा गेलात तर पहिल्या कार्डाचा क्रमांक घालून ‘तीच तक्रार पुन्हा’ हे शब्द आग्रहाने लिहायला लावा. हे तीनच शब्द पुढे वकिलाच्या दहा पानांपेक्षा जास्त काम करतात. गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख, दोन्ही वेळचे किलोमीटर, आणि काम फुकट झालं असलं तरी शून्य रुपयांचं बिल, हे सगळं मागून घ्या. वॉरंटीच्या कामाचं बिल सहसा आपणहून हातात देत नाहीत. नेमकं तेच हवं असतं, कारण कोणता भाग बदलला हे त्यावर छापलेलं असतं.

संगणकातल्या नोंदींचंही तसंच. आजच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, बिघाडाचा सांकेतिक क्रमांक साठवतो, आणि बऱ्याचदा त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान असा तपशीलही. मेकॅनिक स्कॅनर लावतो, क्रमांक वाचतो आणि सवयीने पुसून टाकतो. पुसण्यापूर्वी त्याची छापील प्रत किंवा निदान पडद्याचा फोटो मागा. या क्षणचित्राला खोटं ठरवणं कंपनीला अवघड जातं, कारण ते तिच्याच यंत्राने काढलेलं असतं.

इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर काय निदान झालं ते लेखी घेतल्याशिवाय परवानगी देऊ नका, आणि शक्य असेल तर उघडताना हजर राहा. वॉरंटीत बदललेले जुने भाग कंपनीकडे परत जातात, ते तुम्हाला ठेवायला मिळत नाहीत. म्हणून त्यांचे फोटो घ्या. खरवडलेले शेल, तेलात चमकणारी धातूची पूड, तुटलेली चेन, जे दिसेल ते. कॉम्प्रेशनची चाचणी केली तर आकडे लिहून घ्या. काढलेल्या तेलाचा एका स्वच्छ बाटलीतला नमुना, त्यावर दोघांच्या सह्या, ही मागणी डीलरला विचित्र वाटेल. वाटू द्या.

‘इंधनात भेसळ होती’ हे उत्तर इतक्या वेळा मिळतं की त्याची तयारी आधीच हवी. भेसळ असतेही, नाही असं नाही, आणि भेसळीने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. पण मग ते सिद्ध कोणी करायचं? ज्याने म्हटलं त्याने. टाकीतला नमुना तुमच्यासमोर काढा, सीलबंद करा, प्रयोगशाळेचा अहवाल द्या, असं लेखी कळवा. पेट्रोल पंपाची बिलं जपून ठेवली असतील तर त्यांचा इथे उपयोग होतो. बाहेरून बसवलेले हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टीम, सीएनजी किट ही दुसरी आयती सबब. वायर कापून काही जोडलेलं असेल तर कंपनीला तो मुद्दा खरोखरच मिळतो. निदान वॉरंटी संपेपर्यंत तरी हा मोह आवरावा.

डिझेल गाड्यांबाबत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे दोष कोणाचा हे खरंच गुंतागुंतीचं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झालं आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरून ठेवणारा फिल्टर आला, डीपीएफ. साठलेली काजळी सुमारे सहाशे अंश तापमानाला जाळून टाकावी लागते, आणि एवढी उष्णता हमरस्त्यावर काही वेळ सलग गाडी पळवली तर येते. शहरात रोज तीन-चार किलोमीटर जाऊन-येऊन असणाऱ्याचा फिल्टर तुंबतो. जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल सोडलं जातं, प्रक्रिया अर्धवट राहिली तर ते इंजिन ऑइलमध्ये उतरतं, तेल पातळ होतं आणि पुन्हा आपण बेअरिंगपाशी येतो. याला डीलर ‘चालवण्याची पद्धत’ म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण मग विकताना विचारायला नको का, की तुमचं रोजचं अंतर किती? ज्याला शाळा-बाजार-घर एवढंच करायचं आहे, त्याला डिझेल गाडी गळ्यात मारायची आणि सहा महिन्यांनी त्यालाच दोष द्यायचा, हे मला अप्रामाणिक वाटतं. ड्युअल क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्यांचंही तेच. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकताना कोरडे क्लच तापतात, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

आता कायदा. वॉरंटीच्या पुस्तिकेत वचन साधारण एवढंच असतं: ठरावीक वर्षं किंवा किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, कारखान्यातला दोष असलेला भाग आम्ही दुरुस्त करू किंवा बदलू. गाडी बदलून देऊ, असं ते म्हणत नाहीत. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. क्लचचा त्रास असलेल्या गाडीच्या बदल्यात नवी गाडी देण्याचा आदेश न्यायालयाने टिकू दिला नाही, वॉरंटी भाग बदलण्याची आहे असं सांगितलं आणि ग्राहकाला ५० हजार रुपये देवविले. गाडी कंपन्यांचे वकील आजही पहिल्यांदा हाच निकाल काढतात. त्यामुळे एक बिघाड झाला की ‘नवी गाडी द्या’ ही मागणी बहुधा टिकत नाही. टिकते ती तेव्हा, जेव्हा दुरुस्तीची पुरेशी संधी देऊनही मूळ दोष गेला नाही, किंवा दोष गाडीच्या मुळातच आहे हे जाणकाराने सांगितलं. फियाटच्या एका गाडीबाबत २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा मार्ग आखून दिला: स्वतंत्र तज्ज्ञाने गाडी तपासावी, उपजत दोष निघाला तर ग्राहकाला किंमत आणि आजीवन कर व्याजासह परत मिळावा.

तर तज्ज्ञाचा अहवाल हा या लढाईचा कणा. अहवाल नाही म्हणून तक्रार फेटाळली, असे निकाल ढिगाने सापडतील. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग योग्य प्रयोगशाळेकडे तपासणी पाठवू शकतो. ही विनंती तक्रारीबरोबर पहिल्याच दिवशी लेखी करा. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ऑटोमोबाइल विभागातले प्राध्यापक, शासकीय तंत्रनिकेतन, आरटीओतले मोटार वाहन निरीक्षक यांची नावं तुम्ही सुचवू शकता. अर्थात प्रत्येक वेळी अहवालच हवा असंही नाही. धडकेत एअरबॅग उघडली नाही म्हणून झालेल्या ह्युंदाईच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की धडकेचा वेग आणि बल यांचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा जाणकार नसतो. काही दोष स्वतःच बोलतात. चार महिन्यांत तीनदा टोचन झालेली गाडी हाही तसाच पुरावा, फक्त तिन्ही वेळची कार्डं हवीत.

दावा कोणावर, याचं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या एका प्रकरणातून मिळतं. तिथे एका ग्राहकाने २०११ ची गाडी म्हणून घेतलेली गाडी २००९ ची, आधीच सहाशेहून जास्त किलोमीटर चाललेली निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये न्यायालयाने गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्सला मोकळं केलं, कारण कंपनी डीलरला गाडी विकते आणि डीलर ग्राहकाला. डीलरने केलेली लबाडी कंपनीला ठाऊक होती हे दाखवल्याशिवाय ती तिच्या माथी मारता येत नाही. उलट कारखान्यातला दोष असेल तर तो कंपनीचा. गाडी बंद पडते त्या दिवशी यातलं काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून दोघांनाही पक्षकार करा. आणि गाडी ताब्यात घेताना फॉर्म २२ वर उत्पादनाचा महिना पाहा, चासीवरचा क्रमांक जुळवा. ते दहा मिनिटांचं काम आहे.

तक्रार नोंदवणं पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालं आहे. १९८६ चा जुना कायदा जाऊन नवा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. पुण्यात घेतलेल्या गाडीसाठी लातूरच्या माणसाला पुण्याला खेटे घालायला नकोत. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. शुल्क ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये, १० ते २० लाखांच्या गाडीला ४००. मुदत दोन वर्षांची. डीलर ‘बघू, करू’ म्हणत ही मुदत उलटवून नेतो, तेव्हा तारखेवर नजर ठेवा. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल होते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर बरेचदा कंपनीचा वरचा अधिकारी पहिल्यांदाच फोन करतो. गाडी टॅक्सी म्हणून स्वतः चालवून पोट भरणाराही कायद्याने ग्राहकच आहे. ‘व्यावसायिक वापर’ म्हणून त्याला हुसकावता येत नाही. कंपनीच्या नावावर पण संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या गाडीबाबतही २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्याच बाजूने कौल दिला. आणि या सगळ्या काळात बँकेचे हप्ते थांबवू नका. बँकेचा या भांडणाशी संबंध नाही, ती पतमानांकनावर डाग पाडून मोकळी होते.

शोरूमसमोर नव्या गाडीला गाढव जुंपून काढलेल्या मिरवणुकांची छायाचित्रं अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. त्यामागचा संताप खरा असतो, आणि कधीकधी कंपनी घाबरून हलतेही. पण तेवढीच चिकाटी तीन ईमेल आणि एका नोटिशीत घातली तर हातात काही उरतं.

कंपनी इंजिन बदलून द्यायला तयार झाली तर घ्यावं का? लोक हे फार विचारतात. माझं मत, सहसा घ्यावं, पण अटींसह. नवीन इंजिनाला नव्याने किती वॉरंटी, ते लेखी घ्या. इंजिनाचा क्रमांक बदलला तर तो आरटीओकडे आरसीवर, विमा पॉलिसीवर आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे नोंदवून घ्या, नाहीतर पुढचा विमा दावा तिथेच अडकेल. गाडीची पुनर्विक्रीची किंमत पडते, त्याची भरपाई मागा. ताबा घेताना समाधानाच्या छापील मजकुरावर नुसती सही न करता ‘हक्क राखून ताबा घेतला’ असं हाताने लिहा. ताणण्याला मर्यादा असावी हे मी का म्हणतो, ते बीएमडब्ल्यूच्या प्रकरणावरून कळेल. सप्टेंबर २००९ मध्ये घेतलेली महागडी गाडी चार दिवसांत बिघडली. २०१२ मध्ये हैदराबादच्या उच्च न्यायालयाने नवी गाडी देण्याचा आदेश दिला, कंपनी तयार झाली, तक्रारदाराला ते मान्य नव्हतं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ५० लाख रुपये द्यायला लावून प्रकरण मिटवलं. पंधरा वर्षं गेली. एवढी वर्षं कोर्टात काढणं सामान्य नोकरदाराला परवडणारं नाही.

ग्राहक कायद्यात लिहिलंय, की तपासणी लागणारी तक्रारसुद्धा पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वर्षं जातात. यामागे आयोगांतल्या रिक्त जागा, तारखा हे सगळं आहेच, पण माझ्या मते मूळ अडचण वेगळी आहे. ‘पुरेशी संधी’ म्हणजे किती, हे आपल्या कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये ‘लेमन लॉ’ करून ती रेघ ओढली: एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर गाडी बदला किंवा पैसे द्या. बाकीच्या राज्यांनी त्यामागोमाग आपापले कायदे केले. कॅलिफोर्नियात जिवाला धोका असलेल्या दोषासाठी दोनच प्रयत्न धरले जातात. सिंगापूरमध्ये २०१२ पासून पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं गृहीत धरतात, नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. चीनमध्येही २०१३ पासून पहिल्या ६० दिवसांत किंवा ३ हजार किलोमीटरांत ठरावीक गंभीर दोष निघाला तर गाडी परत करता येते. भारतात १ एप्रिल २०२१ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियम आले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना ते लागू आहेत आणि दंड १ कोटीपर्यंत आहे. त्याचा उपयोग आहे, आपल्या चासी क्रमांकाची गाडी परत बोलावलेल्यांत आहे का ते प्रत्येकाने तपासावं. पण तो नियम हजारो गाड्यांत एकसारखा दोष निघाला तर कामी येतो. तुमच्या एकट्याच्याच गाडीत कीस राहिला असेल, तर तो तुमच्या मदतीला येत नाही.

ग्राहक पंचायतीचा पाया १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यातूनच घातला, आणि १९८६ चा कायदा होण्यात तिच्या चळवळीचा वाटा मोठा होता. याच महाराष्ट्रात पुणे-चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथे लाखो गाड्या तयार होतात. दुरुस्तीचे किती प्रयत्न आणि वर्कशॉपमधले किती दिवस झाले की गाडी बदलून द्यावी लागेल, हे आकड्यांत लिहिणारी तरतूद केंद्राच्या कायद्यात यावी, अशी मागणी इथल्या ग्राहक संघटनांनी आणि खासदारांनी लावून धरायला हवी. ज्यांची गाडी आत्ता वर्कशॉपमध्ये उभी आहे, त्यांनी मात्र त्याची वाट न पाहता उद्या सकाळी जाऊन आपल्या जॉब कार्डाची प्रत मागावी.